दर पंधरा दिवसांनी दुप्पट
(रेडिओवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

आज मी तुमच्याशी घातांकांविषयी बोलणार आहे. हा शब्द ऐकून ज्यांचा हात रेडिओच्या बटणाकडे गेला असेल, त्यांनी कृपा करून पाच मिनिटं थांबावं. माझीही पंचाईतच आहे. गणिताच्या मास्तराला रेडिओवर बोलावणं म्हणजे आचाऱ्याला चुलीशिवाय स्वयंपाक करायला सांगण्यासारखं आहे. इथं फळा नाही, खडू नाही. दोनच्या डोक्यावर उजवीकडे बारीकसा तीन काढून दाखवायची सोय नाही. पण एका परीनं ते बरंच झालं म्हणायचं. मुलांचं सगळं दुखणं त्या डोक्यावरच्या बारीक आकड्यातच असतं. तो दिसला की मुलं अर्थ विसरतात आणि नुसते आकडे इकडचे तिकडे हलवायला लागतात. मोठी माणसंही तेच करतात. मीसुद्धा पुष्कळ वर्षं मुलांना तेच करायला शिकवलं.

मी जुन्या सांगवीत राहतो. पिंपरी-चिंचवडच्या दक्षिण टोकाचं हे गाव, मुळा आणि पवना या दोन नद्यांच्या बेचक्यात वसलेलं. औंधकडून येताना मुळेवरचा पूल ओलांडला की सांगवी सुरू होते. इथल्याच परिसरातल्या एका मराठी शाळेत मी गणित शिकवलं आणि काही वर्षांपूर्वी निवृत्त झालो. आमच्या मुलांचे वडील कुणी दापोडीच्या एसटी कार्यशाळेत, कुणी भोसरी-पिंपरीच्या कारखान्यांत. त्यांतले बरेचसे कंत्राटी. आया औंध भागात घरकामाला जाणाऱ्या. म्हणजे घरी गणित कुणी समजावून सांगेल अशी परिस्थिती फारच थोड्यांची. वर्गात जे कळलं तेवढंच त्यांचं.

घातांकांचा धडा मी कसा शिकवायचो, ते आधी कबूल करतो. फळ्यावर रंगीत खडूनं मोठी चौकट आखायची आणि तिच्यात नियम लिहायचे. पाया सारखा असेल तर गुणाकारात घातांकांची बेरीज. भागाकारात घातांकांची वजाबाकी. घाताचा पुन्हा घात असेल तर घातांकांचा गुणाकार. शून्य घात म्हणजे एक. चौकट वहीत उतरवून घ्या, उद्या विचारतो. मुलंही शहाणी, दुसऱ्या दिवशी धडाधडा म्हणून दाखवायची. मी खूश. चाचणी घेतली की तीच मुलं दोनचा तिसरा घात म्हणजे सहा असं लिहायची. ‘दोनचा तिसरा घात गुणिले दोनचा चौथा घात’ याचं उत्तर कुणी ‘चारचा सातवा घात’ लिही, कुणी ‘दोनचा बारावा घात’. मग मी चौकट पुन्हा काढायचो, या वेळी लाल खडूनं.

२०१८-१९ सालची गोष्ट. त्या वर्षी आठवीचं नवं पुस्तक आलं होतं. वर्गात एक मुलगा होता. नाव सांगत नाही. हा गडी नियम वापरायचाच नाही. दोनचा तिसरा घात आला की तीन दोन ओळीनं लिहायचा, चौथा घात आला की आणखी चार दोन लिहायचा, मग पेन्सिलीच्या टोकानं सगळे दोन मोजायचा आणि लिहायचा, दोनचा सातवा घात. उत्तर अगदी बरोबर. पण ओळ वहीच्या समासापर्यंत गेलेली. मी दोनपैकी एक मार्क दिला आणि लाल शाईनं शेरा मारला, ‘नियम वापर’.

पेपर दिले त्या दिवशी तो उभा राहिला. ‘सर, दोनचा शून्य घात एक कसा? दोन शून्य वेळा घेतला तर शून्यच यायला पाहिजे ना?’

तास संपायला चार मिनिटं राहिली होती. मी म्हणालो, ‘अरे, नियम आहे तो. एक लिही, मार्क मिळेल.’

तो खाली बसला. त्यानं एक लिहिलं, त्याला मार्कही मिळाला. पण पुढे सहा-सात महिने त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. वर्ग शांत आहे म्हणून मला बरंच वाटत होतं.

आता नदीकडे येतो. सांगवी-दापोडी भागातल्या लोकांना फेब्रुवारी-मार्च म्हटलं की आधी डास आठवतात. पाऊस संपून नदीचा प्रवाह मंदावला की पात्रात जलपर्णी दिसायला लागते. मूळची ही दक्षिण अमेरिकेतली वनस्पती. तिच्या जांभळ्या फुलांच्या शोभेपायी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंगालमध्ये आणली गेली आणि मग देशभर पसरली. सांडपाण्यातून नत्र आणि स्फुरद मिळालं, ऊन मिळालं, की तिला आणखी काही लागत नाही. मोठ्या झाडाला फुटवे येतात, फुटव्याचं वेगळं झाड होतं, त्याला पुन्हा फुटवे. अनुकूल परिस्थितीत साधारण दोन आठवड्यांत तिचं क्षेत्र दुप्पट होऊ शकतं.

त्या फेब्रुवारीत एका सकाळी वर्गात डासांचीच चर्चा चालली होती. एक मुलगी म्हणाली, ‘सर, दिवाळीत तर नदी मोकळी होती. एवढी जलपर्णी एकदम कुठून आली?’

एकदम! तो शब्द माझ्या डोक्यात बसला. एकदम काहीच आलेलं नव्हतं. मी धडा बाजूला ठेवला आणि म्हणालो, चला, मोजू या. समजा, १ डिसेंबरला पुलाजवळ एक गुंठा जलपर्णी आहे आणि ती दर पंधरा दिवसांनी दुप्पट होते. १६ डिसेंबरला दोन गुंठे. ३१ डिसेंबरला चार. १५ जानेवारीला आठ. ३० जानेवारीला सोळा, १४ फेब्रुवारीला बत्तीस. अडीच महिने झाले, अजून एक एकरही भरला नाही. चाळीस गुंठ्यांचा एकर, हे आमच्या भागात लहान मुलांनाही ठाऊक असतं. जमिनीच्या गोष्टी घरोघर चालतात. आता पुढे चला. ३० एप्रिलला दहा पंधरवडे पूर्ण होतात. किती गुंठे? मुलं दुप्पट दुप्पट करत गेली. एक हजार चोवीस गुंठे, म्हणजे साडेपंचवीस एकरांहून थोडं जास्तच. आणि यातली निम्मी वाढ फक्त शेवटच्या पंधरा दिवसांतली! म्हणून ती ‘एकदम’ आल्यासारखी वाटते.

इथं एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. खरी नदी अशी हिशेबानं चालत नाही. दोन्ही काठ भरले की जलपर्णीला पसरायला जागा उरत नाही, वाढ मंदावते, आणि पावसाळ्यातला पहिला मोठा लोंढा तिला खाली बंडगार्डनच्या दिशेनं घेऊन जातो. दुप्पट होत जाणारी कुठलीही गोष्ट कधी ना कधी कशाला तरी अडतेच. पण ती अडेपर्यंत हिशेब हाच.

मग मी विचारलं, डोक्यावरचा बारीक आकडा कुठे आहे यात? त्या मुलानं बऱ्याच महिन्यांनी हात वर केला. ‘पंधरवडे, सर. जेवढे पंधरवडे तेवढा घातांक.’

झालं. घातांक म्हणजे मोजणी. पाया दोन, कारण दर वेळी दुप्पट. घातांक दहा, कारण दहा वेळा. एवढं लक्षात ठेवलं की चौकटीतले नियम एकेक करून आपोआप बाहेर पडायला लागतात. तीन पंधरवड्यांत जलपर्णी आठपट झाली. पुढच्या चार पंधरवड्यांत ती सोळापट झाली. एकूण किती पंधरवडे? सात. म्हणून आठ गुणिले सोळा बरोबर एकशे अठ्ठावीस, म्हणजेच दोनचा सातवा घात. तीन आणि चारची बेरीज का करायची, हे आता कुणाला सांगावं लागत नाही. दिवस पुढे जातात, त्यांची बेरीजच होणार. पाया चार का होत नाही? कारण जलपर्णी दुप्पटच होतेय, चौपट नाही. आणि आठ गुंठ्यांशेजारी दुसरीकडचे सोळा गुंठे असतील, तर ते झाले चोवीस गुंठे. ती नुसती बेरीज, तिथं नियमाचं काही काम नाही. बेरजेच्या ठिकाणी गुणाकाराचा नियम घुसवणं ही परीक्षेतली सगळ्यात मोठी चूक, आणि ती एवढ्याशा चित्रानं थांबते.

आता भागाकार. समजा, एके दिवशी यंत्र लावून अर्धी जलपर्णी काढली. बातमी छापून येते, नदीचं निम्मं पात्र मोकळं. ऐकायला केवढं वाटतं! पण अर्धी काढणं म्हणजे दोननं भागणं, आणि दोननं भागणं म्हणजे घातांकातून एक वजा करणं. एक वजा म्हणजे एक पंधरवडा. अर्धी काढून आपण फक्त पंधरा दिवस मिळवले. आठातले सात भाग काढले आणि एकच भाग ठेवला, तर घातांकातून तीन गेले, म्हणजे दीड महिना मिळाला. वर्गात हे निघालं तेव्हा मुलं गप्प झाली. मग मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, ‘सर, मग डिसेंबरातच काढायला पाहिजे, एक गुंठा असताना.’ असा निष्कर्ष माझ्या रंगीत चौकटीतून इतक्या वर्षांत कुणी काढला नव्हता.

आणि शून्य. मी त्या मुलाकडेच पाहून विचारलं, १ डिसेंबरला किती पंधरवडे झाले होते? तो म्हणाला, शून्य. आणि जलपर्णी किती होती? एक गुंठा. तो जरा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, ‘म्हणजे शून्य पंधरवड्यांना आहे. जलपर्णीला नाही.’

हेच उत्तर मी त्याला पहिल्या सत्रात द्यायला हवं होतं. दोनचा शून्य घात म्हणजे दुप्पट करणं अजून सुरूच झालेलं नाही. जे होतं ते जागच्या जागी, एकपट. दुसऱ्या बाजूनंही ते तपासून पाहता येतं. घातांकात शून्य मिळवला तर घातांक बदलत नाही. मग ज्यानं गुणायचं तो आकडाही काही न बदलणाराच हवा, आणि असा आकडा एकच, तो म्हणजे एक. पायाची संख्या दोन असो, पाच असो की एक हजार, फरक पडत नाही. फक्त पाया शून्य नको. तिथं दुपटीचं सोडा, मुळात नदीत काही नसतंच.

शून्याच्या मागे जायलाही मग मुलं घाबरली नाहीत. १ डिसेंबरच्या आधी पंधरा दिवस, म्हणजे १६ नोव्हेंबरला, अर्धा गुंठा. १ नोव्हेंबरला पाव. म्हणजे दोनचा उणे एक घात अर्धा आणि उणे दोन घात पाव. उत्तर उणे येत नाही. भूतकाळातही जलपर्णी होतीच की, फक्त थोडी होती. उणे हे वेळेला लागलं, वस्तूला नाही. दहाच्या उणे घातांचं उदाहरण तर आमच्या मुलांच्या घरातच असतं. टूलरूममध्ये काम करणाऱ्या वडिलांच्या तोंडी ‘मायक्रॉन’ हा शब्द रोजचा. मायक्रॉन म्हणजे मीटरचा दहा लाखावा भाग, दहाचा उणे सहावा घात. दुसऱ्या दिवशी एक मुलगा घरून विचारून आला आणि ऐटीत म्हणाला, ‘माझे पप्पा दहाच्या उणे सहाव्या घातात काम करतात.’

एका मुलीनं मात्र मला अडवलं. ‘एका आठवड्यानंतर किती असेल? पंधरवडा अजून अर्धाच झालाय.’ कुणीतरी पटकन म्हणालं, दीड गुंठा. वाटतं तसंच. पण पहिल्या अर्ध्या पंधरवड्यात दीडपट झाली तर दुसऱ्या अर्ध्यातही दीडपटच होणार, आणि दीड दुणे तीन नव्हे, दीड गुणिले दीड, म्हणजे सव्वादोन. आपल्याला हवेत बरोबर दोन. मग अशी संख्या शोधा, जी स्वतःशीच गुणली की दोन येतात. एक पूर्णांक चार एक चार आणि पुढे न संपणारं काहीतरी. दोनचं वर्गमूळ. घातांक अर्धा म्हणजे वर्गमूळ, हे आठवीच्या पुस्तकात नियम म्हणून दिलेलं असतं. त्या दिवशी ते नदीतून आलं.

पुढे वाचनात आलं, की डोक्यावर लहान आकडा लिहिण्याची आजची पद्धत रूढ होण्यामागे फ्रेंच गणिती रेने देकार्त याचा १६३७ सालचा भूमितीवरचा ग्रंथ आहे. गंमत अशी, की वर्ग लिहायचा असेल तेव्हा खुद्द देकार्त पुष्कळदा आकडा न वापरता ते अक्षर दोनदाच लिहायचा. म्हणजे आमच्या विद्यार्थ्यासारखाच! त्याचा मार्क कुणी कापला नाही. माझं आताचं मत असं आहे, की मुलाला लांबलचक लिहू द्यावं. सात दोन लिहू द्यावेत, बारा लिहू द्यावेत. लिहून लिहून हात दुखला की नियम तो स्वतःच मागतो. आपण तहान लागायच्या आधीच पाणी पाजत सुटतो.

या नियमांचं आपल्याकडचं एक घर तर मला शेजारच्या वर्गातच सापडलं. आमच्या मराठीच्या बाई वृत्तं शिकवत होत्या. य, म, त, र, ज, भ, न, स, हे आठ गण तुम्हीही शाळेत घोकले असतील. मी मधल्या सुट्टीत बाईंना विचारलं, गण आठच का? त्या म्हणाल्या, आठच असतात. (मी ‘नियम आहे तो’ म्हणालो होतो, त्याचीच ही बहीण!) पण कारण साधं आहे. गणात अक्षरं तीन. प्रत्येक अक्षर लघू किंवा गुरू, म्हणजे दोनच शक्यता. दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ. नववा गण कुणाला काढताच येणार नाही. आता भुजंगप्रयात घ्या. मनाचे श्लोक याच वृत्तात आहेत. एका चरणात चार गण, म्हणजे बारा अक्षरं. बारा अक्षरांच्या चरणाचे लघु-गुरूंचे एकूण साचे किती? गणांच्या बाजूनं मोजलं तर आठाचा चौथा घात. अक्षरांच्या बाजूनं मोजलं तर दोनचा बारावा घात. चरण तोच, तेव्हा उत्तरही एकच, चार हजार शहाण्णव. घाताचा घात असेल तर घातांकांचा गुणाकार का, याचं उत्तर तीन अक्षरांचे चार गण. त्या चार हजार शहाण्णव साच्यांपैकी एक म्हणजे भुजंगप्रयात.

ही मोजणी आपल्याकडे फार जुनी आहे. पिंगलाचं छंदःशास्त्र दोन हजार वर्षांहून जुनं मानलं जातं. त्यात दोनचा कितवाही घात झटपट काढायची युक्ती सूत्ररूपात दिली आहे, आणि दहाव्या शतकात हलायुधानं टीका लिहून ती उलगडून सांगितली. युक्ती अशी: संख्या सम असेल तर निम्मी करा, विषम असेल तर एक वजा करा, शून्यापर्यंत या. मग उलट्या वाटेनं परत फिरा. सुरुवात एकपासून, जिथं एक वजा केला होता तिथं दुप्पट करा, जिथं निम्मे केले होते तिथं वर्ग करा. बाराचे सहा, सहाचे तीन, तिनाचे दोन, दोनाचा एक, एकाचा शून्य. परत येताना एक, दोन, चार, आठ, चौसष्ट, चार हजार शहाण्णव. बारा वेळा दुप्पट करायची गरजच पडली नाही, पाच पावलांत काम झालं. आणि बघा, सुरुवात एकपासूनच आहे. शून्य अक्षरांपाशी एक.

ही युक्ती मी वर्गात गंमत म्हणून सांगितली होती. तिचा उपयोग इतक्या लवकर आणि अशा कामाला होईल असं वाटलं नव्हतं.

मार्च महिन्यात एके दिवशी शाळा सुटल्यावर तो मुलगा शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभा राहिला. हातात चार घड्या घातलेला कागद. त्याच्या आजीच्या ऑपरेशनसाठी वडिलांनी दोन वर्षांपूर्वी ओळखीच्या एका माणसाकडून वीस हजार रुपये उचलले होते. व्याज शेकडा पाच. आपल्याकडे हे दर महिन्याचं असतं, वर्षाचं नाही. मध्यंतरी वडिलांचं कंत्राटाचं काम सुटलं आणि काहीच फेडता आलं नाही. वडिलांचा हिशेब असा: वीस हजारांवर महिन्याला एक हजार, चोवीस महिन्यांचे चोवीस हजार, मुद्दल धरून चव्वेचाळीस हजार. देणेकऱ्यानं कागदावर मागितले होते साडेचौसष्ट हजार. वीस हजारांचा फरक! घरी दोन दिवस भांडण चाललं होतं. वडिलांचं म्हणणं, तो फसवतोय. आई म्हणत होती, तुम्हाला हिशेब कळत नाही.

‘सर, खरं कोण आहे?’

आम्ही टेबलापाशी बसलो. माझ्याकडे साधा कॅल्क्युलेटर होता, बेरीज-गुणाकाराचा. मी म्हणालो, व्याजावर व्याज धरलं असेल तर दर महिन्याला रक्कम किती पट होते? तो म्हणाला, एक पूर्णांक शून्य पाच पट. किती वेळा? चोवीस. म्हणजे जलपर्णीच, फक्त पाया दोनच्या जागी १.०५. मी त्याच्याकडे पाहत होतो. आता हा चोवीस वेळा गुणत बसणार, असं मला वाटलं. पण त्यानं कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं, सोळा अधिक आठ बरोबर चोवीस. मग १.०५ चा वर्ग केला, १.१०२५. त्याचा वर्ग, म्हणजे चौथा घात, १.२१५५. त्याचा वर्ग, आठवा घात, १.४७७५. त्याचा वर्ग, सोळावा, २.१८२९. मग सोळावा आणि आठवा एकमेकांशी गुणले. ३.२२५१. पाच गुणाकार. वीस हजारांनी गुणले, चौसष्ट हजार पाचशे दोन.

वरचे दोन रुपये त्या माणसानं सोडून दिले होते.

मुलाचा चेहरा उतरला. ‘म्हणजे तोच बरोबर?’

मी म्हणालो, त्याचा गुणाकार बरोबर आहे. तुझ्या पप्पांचा गुणाकारही बरोबर आहे. दोघांनी वेगवेगळी गणितं केली. पप्पांनी सरळव्याज धरलं, त्यानं दरमहा चक्रवाढ. वर्षाच्या हिशेबानं एक दर साठ टक्के पडतो, दुसरा जवळजवळ ऐंशी टक्के. आता कागदावर काय ठरलं होतं ते बघ. कागदावर तीनच शब्द होते, ‘व्याज शेकडा पाच’. व्याजावर व्याज असं कुठंही लिहिलेलं नव्हतं. आणि आपल्याकडे दामदुप्पट नावाची फार जुनी मर्यादा आहे: एका वेळी मागायचं व्याज मुद्दलापेक्षा जास्त असता कामा नये. मुंबई इलाख्यातली न्यायालयंही ती मानत आली. त्या मुलानं लगेच पुन्हा कॅल्क्युलेटर ओढला. चौदाव्या महिन्याला १.९८ पट, पंधराव्याला २.०८. म्हणजे चक्रवाढीनं रक्कम सव्वा वर्षातच ती मर्यादा ओलांडून गेली होती, आणि नंतरचे नऊ महिने नुसती पुढे पळत होती. पहिल्या वर्षात पप्पांना काही जाणवलं नसणार, जशी नदीत डिसेंबर-जानेवारीत जलपर्णी जाणवत नाही.

माझ्या ओळखीच्या एका वकिलांकडे मी वडिलांना पाठवलं. परवान्याशिवाय सावकारी करायला महाराष्ट्रात बंदी आहे, २०१४ सालचा सावकारी नियमन कायदा आहे, सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे दाद मागता येते, हे त्यांना तिथं कळलं. तक्रारीपर्यंत गोष्ट गेली नाही. दोन्हीकडची माणसं बसली, काही रक्कम सुटली, काही हप्त्यांनी भरावी लागली. नेमकी किती, ते मी विचारलं नाही. वडील नंतर एकदा शाळेत आले होते. मला म्हणाले, ‘सर, मला शाळेत चक्रवाढ व्याज होतं. सूत्र पाठ होतं. पण ते माझ्याच घरात चाललंय हे कळलं नाही.’

सूत्र त्यांना कोणी कसं शिकवलं असेल, याचा अंदाज मला होता. चौकट, रंगीत खडू.

त्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी जुन्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा रद्दीत घालायला काढला, तेव्हा त्याची ती चाचणी हाती आली. सात दोन ओळीनं लिहिलेले आणि शेजारी माझा लाल शेरा. मी तो कागद ठेवून घेतला. त्यानंतर जेवढी वर्षं शिकवलं, त्या काळात घातांकांच्या धड्यात पहिले चार तास नियम हा शब्द उच्चारला नाही. अभ्यासक्रम मागे पडतो अशी वरिष्ठांची कुरकुर ऐकून घेतली. मागे पडायचाही थोडासा. पण ‘दोनचा तिसरा घात सहा’ लिहिणारी मुलं कमी झाली.

तो मुलगा दहावी झाला. पुढे औंधच्या आयटीआयमध्ये गेला आणि आता चाकणला एका कारखान्यात सीएनसी यंत्रावर आहे. म्हणजे तोही दहाच्या उणे सहाव्या घातात पोचला. गेल्या फेब्रुवारीत सकाळी फिरायला निघालो होतो, तर पुलाच्या तोंडाशी कंपनीच्या बसची वाट पाहत उभा. खाली नदीत यंत्र लावून जलपर्णी ओढण्याचं काम चाललं होतं. तो कठड्यावरून वाकून बघत होता. मला पाहून म्हणाला, ‘सर, किती राहिली असेल?’

मी अंदाज घेतला. म्हणालो, ‘चौथाई असेल.’

‘म्हणजे एक महिना,’ तो म्हणाला, आणि तेवढ्यात त्याची बस आली.